थवा सुटण्याआधी: सातेरीच्या पेटीचं विभाजन, ठाणे-नवी मुंबईच्या हिशेबाने

नोव्हेंबर लागला की ठाण्यात सोसायटीच्या आंब्यावर, गॅलरीच्या ग्रिलला, कधी उभ्या स्कूटरच्या हँडलला माश्यांचा घोस लटकल्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतात. खाली हमखास प्रश्न असतो, ‘पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर आहे का कुणाकडे?’ त्यातले बरेचसे घोस येऊरच्या नाहीतर पारसिकच्या डोंगरातल्या जंगली वसाहतींचे असतात. काही मात्र कुणाच्या तरी गच्चीवरच्या किंवा फार्महाऊसवरच्या पेटीतून सुटलेले असतात, आणि ते टाळता येण्यासारखे असतात. ज्यांनी सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या आपल्या देशी मधमाशीच्या, एकदोन पेट्या किमान एक पावसाळा तगवल्या आहेत आणि फ्रेम (पोळं बांधलेली लाकडी चौकट) उचलताना ज्यांचा हात आता थरथरत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पेटी नुकतीच आणली असेल तर वाचून ठेवा, पण यंदा विभाजन, म्हणजे एका वसाहतीच्या दोन पेट्या, करू नका.

आधीच एक खुलासा. इंटरनेटवर विभाजनाचे जे व्हिडिओ सापडतात ते बहुतेक मेलिफेरा या युरोपीय माशीचे असतात. मोठी पेटी, मोठी फ्रेम, माश्या दुपटी-तिपटीने जास्त. आपली सातेरी लहान वसाहतीची, चपळ आणि चटकन रुसणारी. मेलिफेराची राणी काढून घेतली तर ती वसाहत बराच काळ दम धरते. सातेरीत आठवडा-दहा दिवसांतच कामकरी माश्या स्वतः अंडी घालायला लागू शकतात, आणि मग ती पेटी वळणावर आणणं फार जड जातं. त्यामुळे ‘अर्ध्या फ्रेम इकडे, अर्ध्या तिकडे, राणी त्यांची त्या करून घेतील’ हा मेलिफेराचा सोपा मंत्र सातेरीला लावू नका. सातेरीत विभाजनाचा दिवस राणीघर, म्हणजे नवी राणी वाढवायला बांधलेलं मेणाचं घर, ठरवतं. कॅलेंडरला फक्त नकार देण्याचा अधिकार आहे.

थवा सुटणं आणि पेटी सोडून पळणं

या दोन गोष्टींची गल्लत फार होते. थवा सुटणं म्हणजे वसाहतीचं पुनरुत्पादन. खाणं मुबलक असतं, माश्या दाटलेल्या असतात, राणीला अंडी घालायला रिकामी घरं मिळत नाहीत आणि तिचा गंध गर्दीत सगळ्यांपर्यंत पोचत नाही. अशा वेळी कामकरी माश्या नवी राणी वाढवायला घेतात, आणि जुनी राणी साधारण निम्म्या माश्या घेऊन बाहेर पडते. मागे पिलावा (अंडी, अळ्या आणि कोष), मध, पराग आणि पक्व होत आलेली राणीघरं राहतात. सातेरीचा खोडसाळपणा असा की ती एका थव्यावर थांबेलच असं नाही. आठवड्याभरात नव्याने निघालेली कुमारी राणी दुसरा थवा काढते, कधी तिसराही. शेवटी पेटीत मूठभर माश्या आणि पोळी पोखरणारा भरपूर मेणकिडा उरतो.

पळून जाणं वेगळं. मुंग्या, मेणकिडा, उपासमार, पत्र्याखालचं ऊन, सारखी सारखी पेटी उघडणं, यांतल्या कशाला तरी कंटाळून सगळीच वसाहत राणीसकट निघून जाते. मागे पिलावा नसतो, मध नसतो, नुसती पोळी असतात. विभाजनाने पहिला प्रश्न सुटतो. दुसऱ्या प्रश्नात विभाजन केलं तर एका अशक्त पेटीच्या दोन मरणासन्न पेट्या होतात. म्हणून आधी आपलं दुखणं कुठलं ते पाहा.

कधी: फुलोरा आणि पावसाचा हिशेब

आपल्या पट्ट्यात विभाजनासाठी दोन खिडक्या मिळतात. पहिली पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. तेव्हा डोंगरउतारावर रानफुलं असतात, बोरी फुललेल्या असतात, आणि वस्तीत कुंपणांवरची गुलाबी आइसक्रीम वेल असते. ही वेल शोभेची म्हणून लावलेली असली तरी सातेरी तिच्यावर दिवसभर असते. दुसरी खिडकी जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. आंब्याचा मोहर, शेवगा, मग करंज आणि जांभूळ, शिवाय रस्त्याकडेचा सोनमोहर. नारळ तर बारमाही पराग देतो, आणि घोडबंदर रोडला ओवळ्यासारख्या गावठाणांत तो अजून टिकून आहे.

या दोनांत माझी पसंती दुसरीला आहे. ऑक्टोबरमध्ये पेटी पावसाळ्याच्या उपासातून नुकती उठलेली असते, आणि तिची ताकद आपल्याला वाटते त्याहून कमी असते. जानेवारीनंतर फुलोरा एकामागून एक चढत जातो आणि नवी वसाहत त्यावर वाढते. मात्र दुसऱ्या खिडकीला मागून कुलूप आहे. पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो, त्यावरून उलटं मोजा. ३१ मार्चला विभाजन केलं तर नवी राणी अंडी घालायला लागेपर्यंत २० एप्रिल उजाडतो. तिच्या अंड्यांतून पहिल्या कामकरी माश्या १० मेच्या आसपास निघतात आणि दुसरी पिढी जूनच्या तोंडावर. एवढ्या भांडवलावर पावसाळा निघतो. एप्रिलच्या मध्यानंतर राणीघरं दिसली तर विभाजन जरूर करा, पण पावसाआधी दोन्ही पेट्या पुन्हा एक करायच्या या बोलीवर.

खाडीलगतच्या मंडळींना, म्हणजे ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, इकडे बाळकुम-कोलशेतचा खाडीकाठ, थोडी सवलत मिळते. डोंगर मे महिन्यात कोरडा पडतो तेव्हा खाडीतली तिवरं फुलतात आणि पाऊस लागेपर्यंत माश्यांना काम देतात. येऊरच्या पायथ्याला ती सोय नाही. तिथली मोठी चैन म्हणजे कारवी, पण ती आठ वर्षांतून एकदाच एकत्र फुलते. २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. तिच्या भरवशावर दरवर्षीचं वेळापत्रक बसत नाही.

पेटी वाचायला शिका

हंगामात दर सात दिवसांनी पिलाव्याच्या फ्रेम बघाव्यात. सातच का? राणीघरात अंडं घातल्यापासून ते घर बंद व्हायला सुमारे आठ दिवस लागतात, आणि घर बंद झालं की जुनी राणी चांगलं ऊन बघून कधीही निघते. पंधरा दिवसांनी पेटी उघडणाऱ्याला बहुतेक वेळा बातमीच कळते.

पहिली खूण नरांची. पोळ्याच्या खालच्या कडांना मोठी, फुगीर झाकणं दिसायला लागतात, तो नरांचा पिलावा. सातेरीत ही झाकणं ओळखायला फार सोपी, कारण नराचं कोष्ठ जुनं होत आलं की वरचं मेण खरवडलं जातं आणि टोकदार टोपीच्या मधोमध एक बारीक छिद्र दिसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की रोग लागला. तो रोग नाही, वसाहत लग्नसराईच्या तयारीला लागली आहे. नराला अंड्यापासून बाहेर यायला तीनेक आठवडे लागतात आणि मग वयात यायला आणखी दहाएक दिवस, म्हणून ही आगाऊ सूचना असते. पेटीच्या दाराशी काळसर, जाडे, दुपारी घूं करत उडणारे नर दिसू लागेपर्यंत विभाजनाची घाई करू नका. नर नसतील तर नव्या राणीचं मीलन कुणाशी होणार?

दुसरी खूण राणीघरं. पोळ्याच्या खालच्या कडेला, क्वचित बाजूला, भुईमुगाच्या शेंगेएवढं घर खाली तोंड करून लोंबतं. नुसती रिकामी वाटी दिसली तर काही ठरवू नका, तशा वाट्या सातेरी करून ठेवते आणि विसरते. फ्रेम हलक्या हाताने तिरपी करून टॉर्चने वाटीत बघा. अंडं असेल तर आठवडा हातात आहे. पांढऱ्या दाट रसात तरंगणारी अळी असेल तर दोन-चार दिवस. बंद झालं असेल तर आजच. आणि बंद घराच्या टोकाचं मेण खरवडलं जाऊन तपकिरी, कागदासारखा कोष उघडा पडला असेल, तर आतली राणी एकदोन दिवसांत बाहेर येणार. अशा वेळी जुनी राणी पेटीत सापडेलच याची खात्री धरू नका.

बाकी खुणा दुय्यम आहेत. राणी बारीक दिसते, ताजी अंडी कमी होतात, भरलेल्या पोळ्यांवर माश्या रिकाम्या बसून राहतात. दारावर माश्यांचा झुपका लोंबतो, पण एप्रिलमध्ये गच्चीवर त्या झुपक्यावर विश्वास ठेवू नका, तो नुसता उकाड्यामुळेही असतो. सावली करा, संध्याकाळी पुन्हा बघा.

राणीघरं तोडून टाकली की झालं, असं सांगणारे भेटतील. तोडल्याने आठवडा मिळतो, वृत्ती जात नाही. कोपऱ्यात माश्यांच्या गर्दीखाली एखादं घर राहून गेलं की थवा गेलाच. जागा वाढवणं, मधकोठी (मधासाठीचा वरचा मजला) वेळेवर चढवणं, काळी पडलेली जुनी पोळी काढून नव्या बांधकामाला फ्रेम देणं, हे उपाय राणीघरांच्या आधी करायचे. घरं बसल्यावर विभाजनच.

ताकदीची अट

आठ फ्रेमच्या पेटीत किमान सहा, बरं म्हणजे सात फ्रेम दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या हव्यात आणि चार-पाच फ्रेमवर पिलावा हवा. त्याहून कमी असेल तर थांबा. चारच फ्रेमवर असतानाही जी वसाहत दरवर्षी राणीघरं काढते, तिची राणीघरं वापरूच नका. ती सवय पुढच्या पिढीत उतरते. दुसऱ्या शांत, मोठ्या वसाहतीतलं राणीघर आणून तिथे लावा. पिलाव्यात पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या मेलेल्या अळ्या दिसत असतील तर तो थाई सॅकब्रूड असू शकतो. या विषाणूने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या होत्या. अशा पेटीचं विभाजन नाही, तिच्या फ्रेम दुसरीकडे नाहीत, हत्यारंसुद्धा वेगळी.

आदल्या दिवशीची तयारी

दुसरी पेटी पहिलीच्याच मापाची हवी, म्हणजे फ्रेम अदलाबदल होतात. मेलिफेराची स्वस्तात मिळालेली पेटी सातेरीला देऊ नका. सातेरीच्या दोन पोळ्यांमधलं अंतर कमी असतं, ती मधे वेडीवाकडी पोळी बांधते. नव्या पेटीच्या तळपाटाला (तळाच्या फळीला) आणि भिंतींना आतून जुनं मेण चोळा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांच्या बाबतीत ‘उद्या करू’ चालत नाही.

धुरांड्यात नारळाचा सुका काथ्या किंवा जुनं गोणपाट. प्लास्टिकचा धागा असलेली पोती अजिबात नकोत. टोपी-जाळी, पटाशी, पिसाचा किंवा मऊ केसांचा ब्रश, धारदार चाकू, टॉर्च, आणि एक रिकामी काडेपेटी. काडेपेटी राणीसाठी. ती एक बोटभर उघडी ठेवून राणीवर धरायची, ती आपसूक अंधारात चढते, मग दोनचार कामकरी माश्या सोबत घेऊन सरकवून बंद करायची. दुकानातला पिंजराही चालतो, पण काडेपेटी खिशात असते.

त्या दिवशी अत्तर, सेंट नको आणि केळंही खाऊन जाऊ नका. माशी डंख मारताना जो धोक्याचा गंध सोडते त्यातला मुख्य घटक पिकल्या केळ्याच्या वासाचाच आहे. डंख बसला तर काटा नखाने खरवडून लगेच काढा, चिमटीत दाबू नका. अंगभर गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वास लागणं यांतलं काहीही झालं तर पेटी तशीच सोडून दवाखाना गाठा.

प्रत्यक्ष विभाजन

सकाळी नऊ ते अकरा, कोरडी हवा, वारा नाही. त्या वेळी बऱ्याच मोठ्या माश्या बाहेर असतात, गर्दी कमी असते. दाराशी दोन-तीन झोत धूर, मग पाच मिनिटं थांबा. घाईने भरपूर धूर मारला तर राणी कोपऱ्यात पळते आणि शोधायला तासभर जातो.

पहिलं काम राणी शोधण्याचं. कडेच्या फ्रेमपासून सुरुवात करा, ताज्या अंड्यांच्या फ्रेमवर लक्ष ठेवा. फ्रेम नेहमी पेटीच्या तोंडावरच धरायची, म्हणजे राणी पडली तरी पेटीतच पडते. सापडली की काडेपेटीत आणि काडेपेटी सावलीत, शर्टच्या खिशात नाही. ही सगळी कसरत चालू असताना राणीघरं कुठल्या फ्रेमवर आहेत ते खडूने वरच्या पट्टीवर लिहून ठेवा.

दुसरं, कोण कुठे जाणार. माझी पद्धत अशी की जुनी राणी नव्या पेटीत जाते आणि राणीघर मूळ पेटीत, मूळ जागेवर राहतं. त्याचं कारण सरळ आहे. बाहेर गेलेल्या मोठ्या माश्या मूळ जागीच परततात. त्यामुळे राणीच्या नव्या पेटीत फक्त कोवळ्या, पिलावा पोसणाऱ्या माश्या उरतात, गर्दी संपते, आणि राणीच्या अंगातलं वारं उतरतं. थवा सुटल्यावर जे झालं असतं तेच झालं, फक्त आपल्या पेटीत झालं. जुन्या पिढीतले काही मधपाळ नेमकं उलट करतात, राणी मूळ जागी आणि पिलावा दूर. तेही चालतं, पण मोठ्या माश्यांची सगळी फौज राणीबरोबर राहिली की सातेरीत पुन्हा राणीघरं बसायचा धोका मला जास्त वाटतो.

तिसरं, नव्या पेटीत काय घालायचं. बंद पिलाव्याच्या दोन फ्रेम, ज्यांतल्या माश्या लवकरच निघतील. उघड्या अळ्यांची एक फ्रेम, ही वगळू नका, कारण पोसायला अळ्या असल्या की सातेरी सहसा पेटी सोडून पळत नाही. मध-परागाची एक फ्रेम. या चारही फ्रेमवर एकही राणीघर नको, असेल तर कापून टाका. मग मूळ पेटीतल्या उघड्या पिलाव्याच्या आणखी दोन फ्रेमवरच्या माश्या ब्रशने नव्या पेटीत उतरवा. त्यांतल्या वयस्क माश्या काही मिनिटांत उडून मूळ जागी जातील, कोवळ्या थांबतील, आणि आपल्याला कोवळ्याच हव्या आहेत. शेवटी राणी काडेपेटीतून फ्रेमच्या मधे सोडा. उरलेली जागा फळी लावून बंद करा. माश्या झाकू शकतील तेवढ्याच फ्रेम पेटीत राहू द्या, रिकामं पोळं म्हणजे आपल्या दमट हवेत मेणकिड्याला आमंत्रण.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ पेटीत राणीघर निवडणं. लांब, सरळ, पृष्ठभागावर खळगे असलेलं, फ्रेमच्या मध्याकडे लोंबणारं एक घर ठेवा. ज्या फ्रेमवर ते आहे ती झटकायची नाही, उलटी करायची नाही, आतली राणी कोषात असताना धक्का लागला तर पंख अधू होतात. त्या फ्रेमवरच्या माश्या हलवायच्याच असतील तर ब्रशने. बाकीची सगळी घरं कापा. एक ठेवू की दोन, यावर वाद आहे. ‘एक बिघडलं तर दुसरं’ हा विचार सुरक्षित वाटतो, पण दोन राण्या एकदोन दिवसांच्या अंतराने निघाल्या की पहिली राणी दुसरा थवा घेऊन जायला मोकळी. सातेरीत मी एकच ठेवण्याच्या बाजूचा आहे.

कापलेली चांगली घरं फेकू नका. भोवतीच्या बोटभर पोळ्यासकट कापलेलं बंद राणीघर, टोक खाली ठेवून, राणी नसलेल्या दुसऱ्या पेटीत दोन फ्रेमच्या मधे केळीच्या सोपटाच्या धाग्याने बांधता येतं. ओळखीच्या मधपाळाला आधी फोन करून ठेवा. घर उबेत, उभंच न्यायचं, गाडीच्या डॅशबोर्डवरच्या उन्हात नाही.

राणी सापडलीच नाही तर

तासभर शोधूनही ती सापडत नसेल तर पेटी बंद करा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेही जमलं नाही तर राणीघराची फ्रेम, बंद पिलाव्याची एक आणि मधाची एक अशा तीन फ्रेम, माश्या ब्रशने पूर्ण उतरवून, नव्या पेटीत ठेवा. मूळ पेटीवर राणीला अडवणारी जाळी टाकून ही नवी पेटी बिनतळपाटाची तिच्यावर चढवा. रात्रभरात कोवळ्या माश्या पिलाव्याकडे वर येतात, राणी खाली राहते. सकाळी वरची पेटी उचलून वेगळी करा. मूळ पेटीतली उरलेली राणीघरं त्याच दिवशी कापा आणि तिला रिकाम्या फ्रेम द्या.

नवी पेटी ठेवायची कुठे

सातेरी साधारण दीड किलोमीटरच्या आत चरते. दोन किलोमीटरपलीकडे नव्या पेटीसाठी जागा असेल, म्हणजे पेटी नौपाड्यात आणि मित्राची बाग कोलशेतला, किंवा वाशीहून नेरूळला, तर सगळ्यात उत्तम. पेटी रात्रीच हलवा, दाराला जाळी, फ्रेम हलू नयेत म्हणून पट्ट्या, आणि स्पीडब्रेकरवर सांभाळून.

एकाच गच्चीवर ठेवायची असेल तर तोंड विरुद्ध दिशेला करा आणि दारासमोर एक पानांची डहाळी आडवी लावा. बाहेर पडणारी माशी अडखळते आणि नवी जागा नोंदवून घेते. दार अशा बाजूला, की माश्या माणसाच्या डोक्यावरून उडतील, शक्यतो कठड्याकडे. जवळ उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा, नाहीतर माश्या शेजारच्या एसीच्या पाइपावर जमतात आणि तक्रारी तिथूनच सुरू होतात. ‘काका, आधी एक होती ना, आता दोन कशा झाल्या?’ हा प्रश्न सेक्रेटरीकडून येणारच, म्हणून परवानगी विभाजनाआधी घेतलेली बरी. डासांसाठी धूरफवारणीची गाडी येते त्या संध्याकाळी माश्या परतल्यावर दारं जाळीने बंद करा, हवा खेळती ठेवा आणि धूर विरल्यावर उघडा.

पुढचे तीन आठवडे

राणीच्या नव्या पेटीला पहिले पाच-सहा दिवस साखरेचा पाक लागतो, कारण कमावत्या माश्या मागे राहिल्या आहेत. साखर आणि उकळून गार केलेलं पाणी, वजनाने समसमान. पाक पेटीच्या आत, संध्याकाळी, एक थेंबही बाहेर न सांडता ठेवा, नाहीतर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. गूळ नको, त्याने माश्यांना हगवण लागते. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येऊ शकतो. या पेटीच्या दाराला राणीला अडवणारी जाळी चार-पाच दिवस लावून ठेवली तर पळण्याची भीती कमी होते.

मूळ पेटीला मात्र ही जाळी चुकूनही लावायची नाही. तिथली नवी राणी मीलनासाठी बाहेर गेलीच पाहिजे. जाळी राहिली तर ती आतच म्हातारी होते आणि तिच्या अंड्यांतून फक्त नर निघतात.

पाचव्या दिवशी मूळ पेटी एकदाच उघडा. राणी गेल्याचं कळल्यावर माश्यांनी कोवळ्या अळ्यांवर नवी घरं बांधलेली असू शकतात. निवडलेलं घर शाबूत आहे ना ते बघा, ही नवी कापा, बंद करा. त्यानंतर दोन आठवडे हात बांधून बसायचं. बंद घरातून राणी फार तर आठ दिवसांत निघते. पुढचे काही दिवस ती अंगात बळ आणते, मग कोरड्या दुपारी मीलनाची उड्डाणं करते आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत अंडी. या काळात दुपारी बारा ते चार पेटी उघडणं, तिची जागा बदलणं, समोरची कुंडी हलवणंसुद्धा टाळा. राणीला घर ओळखून परत यायचं आहे. बाहेरून बघण्यासारखं एकच: माश्या पायांवर परागाचे गोळे घेऊन आत जात असतील तर सहसा सगळं ठीक चाललं आहे.

विसाव्या दिवसाच्या आसपास सकाळी पिलाव्याची मधली फ्रेम बघा. प्रत्येक घरात तळाशी, मधोमध एकच अंडं, सलग पट्टा, तर काम फत्ते. राणी शोधत बसू नका. आठवड्याने झाकणं बसलेला पिलावा सपाट दिसला की राणीचं मीलन नीट झालं असं समजा. कामकरी माश्यांच्या घरांवर झाकणं फुगीर, नरासारखी दिसली तर झालेलं नाही.

अंडी दिसली नाहीत, किंवा नको तशी दिसली

चौथा आठवडा लागला तरी अंडी नाहीत, पण माश्या शांत आहेत, तर दुसऱ्या पेटीतली ताज्या अंड्यांची एक फ्रेम, माश्या ब्रशने उतरवून, द्या. तीन दिवसांत त्यावर राणीघर बसलं तर राणी नाही हे पक्कं. नर अजून उडत असतील आणि पाऊस लांब असेल तर तेच घर वाढू द्या. एक दिवसाच्या अळीपासून राणी निघायला बारा दिवस लागतात.

एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, म्हणजे कामकरी माश्यांनी अंडी घालायला सुरुवात केली आहे. अशा पेटीत नवी राणी सोडली तर बहुतेक वेळा ती मारली जाते. ही पेटी राणीवाल्या पेटीत मिसळून टाका. संध्याकाळी राणीच्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद, त्याला टाचणीने चार-पाच भोकं, त्यावर ही पेटी बिनतळपाटाची. दोनतीन दिवसांत कागद कुरतडून माश्या एकत्र येतात, तोवर गंधही एक झालेला असतो. पावसाआधी दोन पेट्यांची एक करायची असेल तरी हीच रीत, फक्त आधी नको असलेली राणी काढून घ्या. मध हवा असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की विभाजन केलेल्या वर्षी मधाचं उत्पन्न घटतं. ज्यांना फक्त थवा थांबवायचा आहे त्यांनी नवी राणी अंड्यांवर आली की जुनी काढून पेट्या पुन्हा एक केल्या तरी चालतं.

थवा सुटलाच तर

सुटलेला थवा आधी जवळपासच्या झाडावर घोस करून थांबतो. तपासी माश्या जागा शोधून येईपर्यंत काही तास, कधी दिवसभर मिळतो. घोस भरल्या पोटी असतो, सहसा चावत नाही, पण खाली गर्दी जमू देऊ नका. पाण्याचा हलका फवारा मारा, खाली कापडी पिशवी किंवा सुपलं धरून फांदीला एक झटका द्या, आणि उघड्या पिलाव्याची एक फ्रेम आधीच ठेवलेल्या रिकाम्या पेटीत ओता. राणी आत पडली असेल तर राहिलेल्या माश्या दाराशी शेपूट वर करून पंख हलवत बाकीच्यांना बोलावतात. त्या पंख न हलवता परत फांदीवर गेल्या तर राणी वरच आहे, पुन्हा झटका. पेटी अंधार पडेपर्यंत तिथेच राहू द्या आणि रात्री जागेवर न्या. मूळ पेटी त्याच दिवशी उघडून एक सोडून सगळी राणीघरं कापा, नाहीतर आठवड्याभरात दुसरा थवा त्याच फांदीवर असेल.

घोस काळसर-मोठ्या माश्यांचा, वारा आला की लाटेसारखा हलणारा आणि उंच इमारतीच्या छज्जाखाली असेल, तर ती आग्या माशी आहे. तिला यातलं काहीच लागू नाही आणि हातही लावायचा नाही. हात बसवण्यासाठी प्रशिक्षण हवं असेल तर महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्यातली १९६२ साली सुरू झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, दोन्ही ठिकाणी चौकशी करता येते.